चौक आपला, गाळे कोणाचे?



शहाद्याहून धडगावच्या रस्त्याला निघालं की म्हसावद लागतं. बाजाराच्या दिवशी तिथे जरा थांबा आणि दुकानांच्या पाट्या वाचा. किराणा, कापड, खत-बियाणं, भुसार, सराफ. मग नजर खाली आणा. सातपुड्यातून उतरलेली पावरा आणि भिल्ल माणसं रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसलेली असतात. उन्हाळाभर कैऱ्या सोलून, वाळवून केलेलं आमचूर त्यांच्या पुढ्यात असतं, पण भाव सांगतो तो वर पायरीवर उभा असलेला. खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या गावाचा नकाशा असाच निघेल. पेठ मधोमध, भिलाटी आणि भीमनगर कडेला.

या मधल्या पेठेला अमेरिकेत डाउनटाऊन म्हणतात. आपल्याकडे सरकारी भाषेत सीबीडी, बेलापूरच्या तर स्टेशनच्या नावातच ते आहे. हा शब्द ऐकला की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. आमचा प्रश्न काचेच्या आतला आहे. गावाच्या आणि शहराच्या मधल्या जागेवर मालकी कोणाची, आणि तिथे आपण कोण म्हणून जातो?

दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न कायद्यानेच सोडवला होता. केपटाऊनच्या मध्याला लागून असलेली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांवर माणसांना उचलून शहराबाहेरच्या माळावर टाकलं गेलं. काळ्या मजुराने खिशात पास ठेवून शहरात राबायचं, राहायचं मात्र वेशीबाहेर. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपल्याकडे हे करायला वेगळा कायदा लागला नाही, मनुस्मृतीची सवय पुरली.

मुंबईचंच बघा. गिरण्यांत आपली माणसं राबली, पण विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. का, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि त्याने सवर्ण कामगार बाटायचा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा धरून लावला होता. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये शब्द बदलले. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आज लोअर परळच्या टॉवरांत आपली पोरं जातात, बहुतेक सुरक्षारक्षकाच्या आणि हाउसकीपिंगच्या गणवेशात.

बाबासाहेबांना बाजाराचा हा स्वभाव पुस्तकातून कळलेला नव्हता. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअरबाजाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली. कोलंबियाची पदवी बाजारात चालली नाही, जात चालली. पण म्हणून त्यांनी बाजाराकडे पाठ फिरवली का? १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघालं आणि पुढे ते फोर्टात आनंद भवन-बुद्ध भवनात गेलं. बँका, पेढ्या, सरकारी कचेऱ्या यांच्या ऐन मधोमध. वर्ग सकाळचे, म्हणजे पोरगा शिकून तसाच कामावर जाईल. कॉलेज वस्तीच्या कडेलाही काढता आलं असतं. त्यांनी ते मुंबईच्या मधल्या जागेत नेलं, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आता थोडं कडू बोलतो. आपण चौकासाठी लढलो. पुतळ्यासाठी, नावासाठी, निळ्या कमानीसाठी लाठ्या खाल्ल्या, आणि ते बरोबरच होतं. पण १४ एप्रिलची मिरवणूक ज्या चौकात येऊन थांबते, त्या चौकातला एक गाळा आपल्या नावावर आहे का? मंडप, डीजे, फेटे, मिठाई, सगळी खरेदी त्याच पेठेत होते. संध्याकाळी गल्ला कोणाचा भरतो? आमच्यातल्या एकाने तालुक्याच्या गावात मोबाईल दुरुस्तीसाठी गाळा बघितला. भाडं ठरलं, अनामत ठरली. मग मालकाने आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी 'घरच्यांनाच लागतोय' असा निरोप आला. तो गाळा पुढे कितीतरी दिवस कुलूपबंद होता.

गल्ल्यावरून ग्रीन्सबरो आठवतं. १ फेब्रुवारी १९६० ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. दुकान त्यांना वस्तू विकत होतं, पण काउंटरवर वाढत नव्हतं. पोरं रोज येऊन बसू लागली, खरेदीवर बहिष्कार पडला, गल्ला आटला आणि जुलैत त्याच काउंटरवर त्यांना वाढावं लागलं. पाणी आमचंही आहे म्हणत आपण १९२७ साली महाडला गेलो होतोच. बाजार आमच्याही पैशावर चालतो, हे म्हणायचं मात्र राहून गेलं.

काय करायचं, तेही सांगतो. पेसा कायदा १९९६ चा आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावबाजाराचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्याच्या कलम ४ मध्ये ग्रामसभा आणि पंचायतीला दिलेला आहे. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग या क्षेत्रात येतो आणि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तरी बाजाराचा विषय ग्रामसभेत किती वेळा निघतो? नगरपालिका असेल तिथे पथविक्रेता कायदा २०१४ आहे. त्याच्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व द्यावं लागतं. हे आदिवासी आणि बौद्ध पोरांनी एकत्र बसून वाचायचं काम आहे. भिलाटी वेगळी आणि भीमनगर वेगळं असं चालत राहिलं, तर पायरीवरचा माणूस निवांत आहे.

सुरुवात दहा रुपयांत होते. माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्या. व्यापारी संकुलातले गाळे किती, कोणाच्या नावावर, लिलाव कधी झाला, जाहिरात कुठे लागली, भाडं किती आणि थकबाकी किती, पोटभाड्याने किती दिले. उत्तराची मुदत ३० दिवस. पुढच्या ग्रामसभेच्या आधी हा कागद हातात पाहिजे.