आठव्या दिवसापासूनचं जेवण



आपल्या समाजात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही, आणि पेटवायची गरजही पडत नाही. शेजारून पेज येते, कोणी पाव आणून ठेवतं, कोणी डाळभाताचा डबा. चहाचा थर्मास तर हटकून शेजारच्या हिंदू घरातून येतो, कारण आपल्या माणसांना तोवर सुचलेलंच नसतं. सातव्या दिवसाची मिस्सा होईपर्यंत हे चालतं. मग लोक आपापल्या कामाला लागतात, मुलं दुबईला नाहीतर पुण्याला परत जातात, आणि आठव्या दिवशी संध्याकाळी त्या घरात एक माणूस आणि एक गॅसची शेगडी उरते. मला लिहायचं आहे ते त्या आठव्या दिवसापासूनच्या जेवणाबद्दल.

पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्धांच्या घरी कम्युनियन नेतात, त्या फेरीत मी बरीच वर्षं जाते. प्रार्थना झाली की एक प्रश्न मी विचारतेच. वर्गात प्रश्न विचारण्यात जन्म गेला, ती खोड आता कुठे सुटायची? "काल रात्री काय जेवलात?" उत्तरं ठरलेली. "चहा आणि दोन बटर." "टीचर, दूध-पाव घेतला की थोडा." "दुपारचा भात होता, दही घातलं." एकट्या राहणाऱ्या बायका निदान काहीतरी उकडून तरी घेतात. पुरुषांचं मात्र बघवत नाही. जन्मभर कारखान्यात पन्नास माणसांकडून काम करून घेतलेला, पगाराचा हिशोब पैशापर्यंत जुळवणारा माणूस, पण बटाटा उकडायला किती वेळ लागतो ते त्याला माहीत नसतं. विचारलं तर म्हणतो, "एकट्यासाठी कशाला एवढा खटाटोप!"

यात नुसतं वाईट वाटण्यासारखं नाही, धोकाही आहे. आपल्यात मधुमेहाच्या गोळ्या घेणारे किती आहेत ते घरोघरच्या फ्रीजवर आणि खिडकीत ठेवलेल्या डब्यांवरून कळतं. संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं आणि वर चहा-बटर खाऊन झोपायचं, म्हणजे रात्रीत साखर खाली जायची भीती. आमच्या वॉर्डातले एक गृहस्थ असेच पहाटे न्हाणीघराच्या दारात सापडले. दूधवाल्याने हाका मारल्या म्हणून वाचले. डॉक्टरने पहिला प्रश्न माझाच विचारला: रात्री काय जेवला होता?

यावर अलीकडे आमच्या धर्मग्रामात सूचना आली की वर्गणी काढून वृद्धांसाठी रात्रीचा डबा सुरू करावा. सूचना करणाऱ्यांचं मन चांगलं आहे. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांचे हात कापतात, त्यांना डबा हवाच. त्यांच्यासाठी तो उद्या नव्हे, आज सुरू करा. पण ज्याचे हातपाय धड आहेत अशा साठ-पासष्टीच्या विधुराला डबा लावणं मला पटत नाही. डबा सात वाजता दाराला लटकतो. माणूस तो नऊ वाजता, टीव्हीसमोर, डब्यातूनच थंड खातो. स्वयंपाकघरात दिवा लागत नाही. घराला वास येत नाही. बायको गेल्यावर घर जसं बंद पडलं तसंच ते बंद राहतं, फक्त दाराला डबा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं: सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर वॉर्डातल्या कोणी तरी त्या घरी डबा घेऊन जाऊ नये, पाव किलो मटण आणि अर्धा किलो बटाटे घेऊन जावं. त्या घरच्या गॅसवर, त्या घरच्या भांड्यात, त्या माणसाच्या हातूनच इस्टू करून घ्यावा. आपण स्टुलावर बसून सांगायचं, चमच्याला हात लावायचा नाही. हे मी दोन घरांत करून पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

इस्टूच का? मसाला वाटायचा नाही, नारळ खवायचा नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत. एक भांडं, एक बर्नर. बेकरीतला पाव बरोबर असला की जेवण पुरं. दात नसलेल्यालाही चालतं. आणि जात्याच ते सावकाश शिजणारं असल्यामुळे ज्याला घाई नाही, ज्याच्याजवळ वेळच वेळ आहे, त्याला ते जमतंच.

तसा तो कोण्या एकाचा पदार्थ नाही. बटाटा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी आणला आणि नावही त्यांच्याच भाषेतलं ठेवून गेले. हिंदीवाले आलू म्हणतात, आपण मराठी माणसं मात्र अजून पोर्तुगीज बोलतो. पावही त्यांचाच. इस्टू हे नाव इंग्रजांचं, आणि बेळगावसारख्या छावणीच्या गावात ते कॅम्पातून आपल्या घरात आलं असणार. गोव्याकडचे स्वयंपाकी आणि बँडवाले इंग्रजांच्या पलटणींबरोबर ठिकठिकाणी होतेच. आयर्लंडचे लोक मटण, बटाटा, कांदा आणि पाणी एवढ्यावरच थांबतात. केरळचे ख्रिस्ती त्यात नारळाचं दूध घालतात आणि ईस्टरला आप्पमबरोबर खातात. आपण मिरी, दालचिनी, लवंग घातली. आमच्या शेजारच्या मराठा घरात तिखट रश्श्यात बटाटा पडतो, तो चवीसाठी असं त्या वहिनी म्हणतात. पाहुणे वाढले की बटाटेही वाढतात हे मी पाहिलेलं आहे.

आता कृती. पुरुषांनी कागद-पेन घ्यावं.

खाटकाला गर्दन आणि सीना मागावा, एखादी नळी टाकायला सांगावी. नुसतं मांस घेऊ नये. हाडाशी जो चिकट भाग असतो तोच मंद आचेवर विरघळून रस्सा दाट करतो. जाड बुडाच्या भांड्यात चमचाभर तेल तापवून मटणाचे तुकडे आधी सगळ्या बाजूंनी लाल होऊ द्यावेत, सारखं ढवळू नये. मग दोन कांदे जाड चिरून, आल्याचा ठेचलेला तुकडा, पाच-सहा लसूण पाकळ्या, दहा-बारा मिरी, चार लवंगा, बोटाएवढी दालचिनी, एक तमालपत्र, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. कांदा मऊ झाला की चार कप पाणी, मीठ, आणि झाकण. आच अगदी बारीक. तासभर तिकडे बघू नका, वाटल्यास तेवढ्यात तेर्स म्हणून घ्या. पन्नास मण्यांची एक जपमाळ आणि वर लितानी म्हटली तरी मटण तुमच्या पुढे जात नाही.

बटाटे शेवटच्या पंचवीस मिनिटांत. पहिल्यापासून टाकले तर त्यांची पेज होते. दोन गाजरं, मूठभर वाटाणा किंवा फरसबी असेल तर तीही तेव्हाच. आपल्या बाजारात जवारी, इंदूर, आग्रा असे वेगवेगळे ढीग असतात. पातळ सालीचा नवा बटाटा फोड धरून राहतो, जुना जरा फुटतो. मी दोन्ही घालते: नवे चार, जुना एक. तो जुना भांड्याच्या कडेला चमच्याने चिरडला की रस्सा आपोआप दाट होतो, मैदा लावावा लागत नाही. शीतगृहातून आलेले बटाटे कधीकधी गोडसर लागतात. ते इस्टूला घेऊ नयेत. आणि चमचाभर व्हिनेगर घालायचं ते बटाटा पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर बटाटा किती वेळ ठेवा, कडकच राहतो. कितीतरी चांगल्या सुगरणींना हे माहीत नाही, सांगितलं तर राग येतो.

गॅस वाचवायचा असेल त्याने मटण कुकरला पाच शिट्ट्या द्यावं, मग झाकण काढून त्यातच बटाटे शिजवावेत. चव उन्नीस-बीस होते, पण उपाशी झोपण्यापेक्षा बरं.

एवढ्यात एका माणसाच्या दोन रात्री निघतात आणि शेजारी द्यायला एक वाडगा उरतो. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नये. पावसाळ्यात बटाट्याचा रस्सा सकाळपर्यंत आंबतो. निवला की फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी.

खर्चाचं बोलायलाच हवं. आमच्या आई-आज्यांच्या काळी हे गरिबाचं भांडं होतं, कारण पुष्कळ घरांत ते बीफचं असायचं. कर्नाटकात 2021 पासून नवा कायदा लागू झाला आणि तो रस्ता जवळजवळ बंद झाला. त्या कायद्याची चर्चा करायची ही जागा नाही. पण रविवारचं मांसाचं जेवण त्यानंतर कितीतरी घरांतून गेलं हे खरं आहे, आणि मटणाचा भाव विचारून हात हलवत परत येणारी माणसं मी दर रविवारी पाहते. म्हणूनच मी पाव किलो म्हणते, अर्धा नाही. दोन हाडं आणि चार तुकडे एवढ्यानेही रश्श्याला चव येते, पोट भरायचं काम बटाटा करतो. कोंबडीचाही चालतो; तो चाळीस मिनिटांत होतो, बटाटे तिच्याबरोबरच घालायचे.

मधुमेहवाल्यांना बटाटा कसा, असं एकजण विचारेलच. मी डॉक्टर नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून दोन फोडी घ्या, गाजर-फरसबी वाढवा, पाव एकच खा. पण जेवा.

आमच्यातले काही जण म्हणतात, टीचर, शोकाच्या घरात जाऊन प्रार्थना करायची सोडून तुम्ही मटण शिजवायला सांगता. त्यांनी राजे यांच्या पहिल्या पुस्तकाचा 19वा अध्याय काढावा. एलिया संदेष्टा रानात झाडाखाली पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो, आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, उठून खा म्हणतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो, तर दूत पुन्हा उठवून खायला लावतो. स्वयंपाक हे बाईमाणसाचं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी योहानच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय वाचावा. रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य काठावर येतात तेव्हा कोळशावर मासे आणि भाकर कोणी मांडून ठेवलेली असते? प्रभूने स्वतः.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी 1833 साली पॅरिसला सुरू झाली तेव्हापासून तिची मूळ पद्धत गरजूच्या घरी स्वतः जाण्याची आहे. मदत नुसती पाठवून द्यायची नाही, हे आपल्याला नवीन नाही. वॉर्डाच्या मिटिंगा होतात, फेस्ताच्या मंडपाचा रंग दोन तास ठरत असतो. त्यातली पाच मिनिटं काढून महिन्यात कोणाच्या घरी सातवा दिवस झाला आणि तिथे कोण जाणार एवढं लिहून घ्यायचं. आणि घरोघरच्या मुलांना आत्ताच शिकवायचं, दहावीच्या सुट्टीत. गणिताला क्लास लावता, बटाटा सोलायला आई पुरेशी आहे. वडीलही.

ज्या दोन घरांत मी गेले त्यातले एक अंकल आता शनिवारी स्वतः बाजारात जातात आणि खाटकाशी सीन्यावरून वाद घालतात. व्हिनेगर किती ते मला अजून फोन करून विचारतात. त्यांना माहीत असतं, तरी विचारतात. दुसऱ्यांनी एकदा केला आणि पुन्हा चहा-बटरवर आले. त्यांच्याकडे मी पुन्हा जाणार आहे.

जाताना एक अडचण लक्षात आली ती सांगते. अशा घरांत भांडी असतात ती तीस माणसांची, बारशा-लग्नाची, नाहीतर दूध तापवायचं एवढंसं पातेलं. मधलं भांडंच नसतं. माझ्याकडे तीन लिटरची जाड बुडाची दोन पातेली पडून आहेत. कोणत्या वॉर्डाला हवी असतील त्यांनी रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर मला बाहेरच्या क्रुसापाशी गाठावं. पातेली ठेवून घ्या, झाकणं मात्र परत आणून द्या. ती दुसऱ्या भांड्यांची आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, कॅम्प, बेळगाव