दोन दालने, एक पुस्तक

बालसाहित्याच्या लेखन-कार्यशाळा आता मराठीत अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. महाविद्यालये, ग्रंथालये, साहित्यसंस्था त्या हौसेने भरवतात, आणि आम्हा मराठीच्या अध्यापकांना त्यांत व्याख्यानासाठी बोलावणे येते. सकाळी 'बालसाहित्य : स्वरूप आणि प्रयोजन', दुपारी प्रत्यक्ष कथालेखन, सायंकाळी प्रमाणपत्रे, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. चित्रकारांसाठी काही योजलेच तर ते वेगळ्या दालनात, वेगळ्या दिवशी. कथा लिहून पूर्ण होते, प्रकाशकाकडे जाते, आणि मग 'चित्रे काढून द्या' म्हणून चित्रकाराच्या हाती पडते. आमचे म्हणणे असे की, लहान मुलांच्या पुस्तकाबाबत ही विभागणी मुळातच चुकीची आहे, आणि ती मोडल्याशिवाय या कार्यशाळांतून चांगली पुस्तके निपजण्याची आशा फारशी नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. 'लाल झगा घातलेली मिनू उंच आंब्याच्या झाडाखाली उभी होती' हे वाक्य प्रौढांच्या कथेत खपून जाईल. चित्रपुस्तकात मात्र झगा, त्याचा रंग, झाड आणि त्याची उंची हे सारे चित्रात आधीच आलेले असते. तेथे शब्दांनी चित्राला न जमणारे काम करावयाचे : मिनू कोणाची वाट पाहते आहे, किती वेळ, तिच्या कानांवर काय येते आहे. एकट्याने बसून लिहिणाऱ्याला हे सहसा उमगत नाही, कारण त्याच्यासमोर चित्र नसते. म्हणून तो चित्राचेही काम शब्दांकडून करवून घेतो. पुढे चित्रकारही त्याच वाक्याचे इमानाने चित्रण करतो. एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते आणि मुलाला शोधण्यासारखे काहीच उरत नाही.

याउलट पॅट हचिन्स यांचे 'रोझीज वॉक' हे 1968 सालचे इंग्रजी पुस्तक पाहावे. त्याची संहिता अवघ्या 32 शब्दांची. एक कोंबडी फिरावयास निघते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच शब्द सांगतात. तिच्या मागावर असलेला कोल्हा केवळ चित्रांत आहे. संहितेत त्याचा उल्लेखही नाही. कोंबडीला जे ठाऊक नाही आणि शब्द जे सांगत नाहीत, ते अक्षरओळख नसलेल्या मुलाला दिसते. काव्यशास्त्र शिकणाऱ्यांना ही किमया परकी वाटू नये. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले, तो येथे शब्द आणि चित्र यांच्यामधल्या मोकळ्या जागेत उमटतो. ही जागा लेखक एकटा निर्माण करू शकत नाही, चित्रकारही एकटा करू शकत नाही.

हचिन्स स्वतःच लिहीत आणि स्वतःच चित्रे काढीत. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या हाती लेखणी आणि कुंचला दोन्ही आहेत. अशा व्यक्तींच्या बाबतीत ही देवघेव एकाच मनात चालते. परंतु दोन्ही कला अंगी असणारे थोडेच असतात. उरलेल्यांसाठी ती देवघेव बाहेर, दोन माणसांत, घडवून आणावी लागते. आमच्या मते कार्यशाळेचे खरे प्रयोजन हेच.

पारितोषिके वेगवेगळी असावीत, याला आमचा आक्षेप नाही. हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक 1956 पासून लेखकाला आणि 1966 पासून चित्रकारालाही दिले जाते. 2016 साली टाटा ट्रस्ट्सच्या 'बिग लिटल बुक' पुरस्कारातही लेखिका म्हणून माधुरी पुरंदरे आणि चित्रकार म्हणून अतनु रॉय यांचा स्वतंत्र गौरव झाला. गौरव वेगळा करता येतो; शिक्षण मात्र वेगळे करून चालत नाही.

मग कार्यशाळेत करावे काय? आठ कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की 32 पानांची वही तयार होते. 16 पानांच्या फर्म्याचा हिशेब धरता चित्रपुस्तकाला हा आकार सोयीचा पडतो. आरंभीची शीर्षकाची व प्रकाशनाच्या तपशिलाची पाने वगळली की समोरासमोरच्या पानांच्या जेमतेम 14 जोड्या हाती उरतात. या वहीवर एक लेखक आणि एक चित्रकार यांना दोन दिवस एकत्र बसवावे. पान उलटण्याआधी काय राखून ठेवायचे, कोठे शब्द थांबवून चित्राला बोलू द्यायचे, कोणते वाक्य खोडायचे, हे त्या दोघांनी भांडून ठरवावे. तिसऱ्या दिवशी ती वही मुलांना वाचून दाखवावी आणि त्यांचे डोळे कोठे रेंगाळतात ते मुकाट्याने पाहावे.

'प्रतिभा शिकवता येत नाही' हा आक्षेप येणारच. परंतु गाणे शिकावयास गुरूकडे जाणाऱ्याला आपण असे कधी म्हणत नाही. भोपाळमध्ये बालपुस्तकांच्या चित्रकारांसाठी निघालेल्या अकादमीचे नाव 'रियाज' ठेवले गेले, ते आम्हाला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मराठीतल्या छोट्या आवृत्त्यांना रंगीत छपाईच परवडत नाही, तेथे चित्रकाराला लेखकाच्या बरोबरीचे मानधन कोठून द्यावयाचे? हा प्रश्न कार्यशाळेने सुटणार नाही, हे मान्य. मात्र चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या जोडीने छापण्यास अधिक खर्च येत नाही, आणि पुस्तक एका रंगात छापले तरी शब्द व चित्र यांचा संवाद आटत नाही.

यात मराठी विभागांचे काय, असे कोणी विचारील. आमचे विद्यार्थी उद्या शाळांतून शिक्षक होतील, ग्रंथालयासाठी पुस्तके निवडतील, पालकांना सल्ला देतील. पुस्तकातले 'तात्पर्य' तेवढे तपासून ते निवड करू लागले, तर उत्तम चित्रपुस्तक 'यात मजकूर फारच कमी' म्हणून मागे पडेल. निवेदक कोण, दृष्टिकोन कोणाचा, काय अनुक्त ठेवले आहे, हे आपण कादंबरीबाबत शिकवतोच. तीच नजर 32 पानांच्या पुस्तकाकडे वळवावयाची आहे. तेव्हा यापुढे अशा कार्यशाळेचे निमंत्रण आले, तर होकार कळवण्यापूर्वी प्रत्येक अध्यापकाने आयोजकांना एवढे अवश्य विचारावे : चित्रकार किती येणार आहेत, आणि ते बसणार कोणत्या दालनात?