यंत्र अडले कुठे?

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीयाच्या घरात दोन गोष्टी हटकून निघतात. एक जळमटे आणि दुसरी खरेदीची यादी. जळमटे दोन तासांत निघून जातात. यादी मात्र भाऊबीज उलटली तरी संपत नाही. २०२५ च्या दसऱ्याला आमच्या यादीत अगदी वरच्या ओळीवर एक नवे कलम चढले, आणि तेही माझ्याच अक्षरात : 'नवा संगणक, अंदाजे रुपये पंचेचाळीस हजार.'

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच की, खर्चाच्या बाबतीत माझा लौकिक काही कर्णाचा नाही. पण त्या वर्षी मी निवृत्त झालो होतो, थोडे पैसे एकरकमी हाती आले होते, आणि हाती पैसा आला की घरातली प्रत्येक वस्तू माणसाला म्हातारी दिसू लागते.

आमचा संगणक २०१७ सालचा. चिरंजिवांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतला. चिरंजीव शिकले, पुण्याला नोकरीला गेले, जाताना स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेले आणि हा मागे राहिला. त्याच्यावर मी वर्तमानपत्रे वाचतो, विजेचे बिल भरतो, आणि आमची सौ. 'तिचे ते हिशेब' करते. हे तीन शब्द मी अवतरणात का घातले ते पुढे कळेल.

हा संगणक इतका मंद झाला होता की, सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जात असे. आंघोळ, संध्या आणि चहा उरकून येईतो तो जेमतेम जागा झालेला असे. त्यातच पडद्यावर एक सूचना झळकू लागली. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज १० या प्रणालीला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळणार नाहीत. सबब विंडोज ११ घ्यावी. घ्यायला हरकत नव्हती, पण ती आमच्या यंत्रावर चढेना. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा निघाला सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकणे हे आमच्या घराण्यात नवे नाही.

झाले! दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता आणि मोठा आर्जवी होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "काका, बजेट किती?" मी आकडा सांगितला. त्याने त्या आकड्याहून सात हजारांनी वरचे यंत्र दाखवले. ते इतके चपळ होते की बटणावरून बोट उचलायच्या आत तयार. मी खूष होऊन घरी आलो आणि सौ.ला म्हणालो, "दसऱ्याच्या मुहूर्तावर आणून टाकू या."

ती म्हणाली, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा."

तीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ मी शिकलो आहे. त्याचा अर्थ 'नको' असा होतो. फक्त का नको ते आपले आपण शोधायचे असते.

दसऱ्याला आम्ही दरवर्षी मानकोलीला जातो. सौ.चे थोरले बंधू तिथे राहतात. ठाण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले, साकेत आणि खारेगावचे पूल ओलांडले की थोड्या वेळात मानकोली नाका येतो. आमचे लग्न झाले तेव्हा दादांच्या घरासमोर भातशेती होती. आता जिकडे पाहावे तिकडे पत्र्याची अवाढव्य गोदामे आणि ट्रकांच्या रांगा. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत जाणारा माल आधी इथे येऊन विसावतो. मी घेणार होतो तो संगणकही कदाचित दादांच्या अंगणासमोरच पडून असेल, असा एक विचार मनात येऊन गेला.

दादा भिवंडीत मागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग जुळवणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा कारागीर. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, तरी दसऱ्याला त्यांचे जुने पाने अजून पुसून पाटावर मांडले जातात आणि त्यांना झेंडूचे फूल वाहिले जाते. पूजा झाली, सोने वाटून झाले. जेवणानंतर मी नव्या संगणकाची वार्ता काढली. दादांनी ती शांतपणे ऐकली, आणि मला काही न विचारता बहिणीकडे वळून म्हणाले, "बाय, तो अडतो केव्हा?"

आणि सौ. बोलू लागली! मी तिच्याकडे पाहतच राहिलो. सुरू होताना अडतो. एकच काम उघडे असले तर बरा चालतो. टॅली उघडी ठेवून शेजारी जीएसटीचे पान उघडले की जागच्या जागी गोठतो. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आधी रात्री एक-एक वाजेपर्यंत त्याच्यासमोर बसावे लागते.

"अकरा आणि वीस का?" मी विचारले.

"अकराला विक्रीचे विवरण आणि वीसला कराचे," ती म्हणाली. "सहा दुकानांचे असते माझ्याकडे. उशीर झाला तर त्यांना दिवसाला पन्नास रुपये दंड बसतो. दसऱ्याला नवे यंत्र आणले आणि जुने हिशेब त्याच्यावर नीट उतरले नाहीत, तर वीस तारखेला सहा जणांना मी काय तोंड दाखवू?"

सहा दुकाने! मला वाटे, ओळखीच्या एखाद्या वाण्याची दोन-चार बिले ती टिपून देत असेल. घरी येताना हळूच विचारले तेव्हा कळले की, चिरंजिवांच्या शेवटच्या दोन वर्षांच्या फीला जी रक्कम 'घरखर्चातून वाचली' होती, ती या सहा दुकानांतून आली होती. मी ज्याला घरातले जुने खोड समजत होतो, ते तिचे दुकान होते. आणि दुकान बदलायचा बेत मी दुकानदाराला न विचारता केला होता.

दादांचे म्हणणे मात्र मी तिथेच नीट ऐकून घेतले, ते वाचकांच्याही कामाचे आहे. ते म्हणाले, "जावईबापू, माग कमी कापड देतो म्हणून मालक ओरडायचे. नवा माग आणू या म्हणायचे. मी आधी बघायचो, तो थांबतो कशाने. ताण्याचा धागा तुटतो, बाण्याचा तुटतो, की कांडी संपली म्हणून कामगार वाट बघत उभा राहतो? कांडी वेळेवर भरून येत नसेल, तर नवा माग आणून काय होणार? तोही उभाच राहील. फक्त जास्त किमतीचा उभा राहील."

त्यांनी एक आठवणही काढली. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच केंद्र सरकारच्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेचा आरंभ झाला. तिच्यात एक कलम असे होते की, साधा यंत्रमाग मोडीत न काढता, जागच्या जागी त्याला काही जोडण्या लावून सुधारायचा आणि त्यासाठी सरकारने अनुदान द्यायचे. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी जोडणी, ताणा सारखा सोडणारी जोडणी, अशा त्या वस्तू. "चौकट धड असेल तर जोडणी लावावी," दादा म्हणाले, "चौकटच वाकली असेल तर मात्र पैसे घालू नयेत."

दादांचा मुलगा तिथल्याच एका गोदामात संगणकांची देखभाल करतो. पुढच्या रविवारी तो ठाण्याला आला. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. टास्क मॅनेजर नावाचा एक तक्ता उघडला. त्यात यंत्राचा कोणता भाग किती राबतो आहे ते टक्क्यांत दिसते. "आत्या, तू नेहमीसारखे काम कर," तो म्हणाला. तिने टॅली उघडली, शेजारी ते पान उघडले. यंत्र गोठले. तक्त्यात प्रोसेसर पंधरा टक्क्यांवर निवांत बसला होता. मेमरी चार जीबी, ती काठोकाठ भरलेली. आणि डिस्क शंभर टक्के.

"आतोबा," भाचा हसून म्हणाला, "माग बसून आहे. कांडी येत नाही."

मग त्याने उलगडून सांगितले. मेमरी म्हणजे कामाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान पडले की यंत्र अर्धे कागद कपाटात ठेवते आणि लागतील तसे काढते. आमचे कपाट जुन्या तऱ्हेचे, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीचे. तबकडी फिरून योग्य जागा येईपर्यंत यंत्राला वाट पाहावी लागते. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ती वाट पाहणे जवळजवळ उरत नाही. शिवाय यंत्र सुरू होताना आपोआप उघडणारी अकरा कामे त्याने शोधली. त्यांतली आठ चिरंजिवांनी शाळकरी वयात घातलेल्या खेळांची होती. ती बंद केली. पेटी उघडली तेव्हा पंख्यावर आठ वर्षांची धूळ होती; इतक्या दिवाळ्यांत तिच्यापर्यंत आमचा झाडू पोहोचला नव्हता.

पण या सगळ्याआधी त्याने एक गोष्ट केली, आणि ती कोणी विसरू नये. सौ.चे सर्व हिशेब त्याने एका वेगळ्या डिस्कवर उतरवले, तिथून उघडून दाखवले आणि मगच पेचकस हाती घेतला.

एसएसडी आणि मेमरीची एक जादा पट्टी मिळून पाच हजार चारशे रुपये झाले. संगणक अर्ध्या मिनिटात जागा होऊ लागला. माझा सकाळचा चहा आता घाईत होतो, एवढेच काय ते नुकसान.

यावरून 'जुने तेच सोने' असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. त्याच्या मेमरीत २०४८ शब्दांची जागा होती, आणि ती त्या काळी अपूर्वाईची होती. तरीही १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले. तिथे चारच वर्षांनी यंत्र बदलणे उधळपट्टी नव्हती, कारण गणितेच मोठी झाली होती. काम वाढले म्हणून यंत्र आणणे वेगळे, आणि यंत्र आणून मग त्याला काम शोधणे वेगळे.

आमच्यापुरते पाहायचे तर सौ.चे काम वाढले नव्हते, अडले होते. उरला सुरक्षेचा प्रश्न. तोही खरा होता, कारण दुसऱ्यांचे हिशेब ज्या यंत्रात आहेत त्याचे दार उघडे ठेवून चालत नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली होती. आपली सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवली तर त्यासाठी पैसेही पडत नव्हते. भाच्याने ते नोंदवून दिले. म्हणजे नव्या संगणकाची गरज संपली नव्हती, एका वर्षाने पुढे गेली होती. त्या वर्षात सवडीने, वीस तारीख टाळून, यंत्र निवडता येणार होते.

मेमरीच्या बाबतीत तर नशिबाने हात दिला. त्या दिवाळीनंतर दोन-तीन महिन्यांतच मेमरीचे भाव जगभर कडाडले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड केंद्रांची मागणी इतकी वाढली की, घरगुती पट्ट्याही महागल्या. भाचा तेव्हापासून मला दूरदर्शी समजतो. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

पाडव्याला सौ.ने ओवाळले. यंदा ताटात काय घालावे हा प्रश्न मला पडला नव्हता. वाचलेल्या एकोणचाळीस हजार सहाशे रुपयांचे पाकीट मी ताटात ठेवले आणि खरेदीच्या यादीतले ते वरचे कलम खोडायला पेन उचलले. तिने पेन माझ्या हातातून काढून घेतले.

"खोडू नका," ती म्हणाली. आणि माझ्या अक्षराच्या पुढे तिने आपल्या बारीक, हिशेबनिसाच्या अक्षरात लिहिले : 'ऑक्टोबर २०२६. निवड माझी.'