आधी पाणी, मग होडी

दिल्लीच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला नौकाविहाराची हौस आली, की त्याची दृष्टी प्रथम नैनितालकडे वळते, आणि मराठी कुटुंब सुटीत देशी गेलेले असले तर महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्याकडे. परंतु ज्या नगरीच्या अंगावरून यमुना वाहते तिच्या रहिवाशाने घटकाभर होडीत बसण्यासाठी रात्रीचा प्रवास करावा, यात कोणालाच वैषम्य वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

वस्तुतः या विहारास फार मोठा सरंजाम लागत नाही. पायांनी चालवायच्या पायडल बोटीत शेजारी बसलेल्या पितापुत्रांना एका लयीत पाय मारल्यावाचून गत्यंतर नसते. वल्ह्यांची होडी याहून शहाणी, कारण वल्हवणारा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो, सबब वाट सांगण्याचा अधिकार त्याच्या समोर बसलेल्या धाकट्या मुलीकडे जातो, आणि उजवे वल्हे अधिक जोराने ओढले की होडी डावीकडे वळते हे ज्ञान घरातील कर्त्या पुरुषास तिच्या हुकुमाखाली संपादावे लागते. मोटारबोटीत यातले काहीच घडत नाही. तेथे कुटुंब केवळ उतारू असते.

मात्र होडीला पाणी लागते, आणि आमच्या कारभारात नेमका तोच मुद्दा शेवटी येतो. फरिदाबादजवळचा बडखल तलाव, जो 1947 च्या सुमारास बांध घालून तयार झाला आणि जेथे दिल्लीकरांच्या दोन पिढ्या नौका चालवून आल्या, तो अरवलीतील खाणींनी भूजल व ओढ्यांच्या वाटा बिघडवल्यावर हळूहळू आटला; सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली खाणींना बंदी केली तेव्हा उशीर झालेला होता. इंडिया गेटजवळच्या बोट क्लबचे नाव तर नौकांपेक्षा शेतकरी नेते टिकैत यांच्या 1988 च्या किसान मोर्चामुळेच अधिक लोकांच्या स्मरणात आहे.

यमुनेची गोष्ट अधिक उद्वेगजनक. वजिराबाद ते ओखला हा सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी, पण तिच्या प्रदूषणाचा फार मोठा वाटा त्यातलाच. तरीही हिवाळ्यातील पहाटे यमुना बाजारच्या घाटावर कुटुंबे नावाड्याच्या लाकडी नावेत बसून परदेशी कुरवांना शेव टाकतात (त्या पक्ष्यांच्या पोटाची मला काळजी वाटते), इतकी ही हौस चिवट आहे. 2025 साली सोनिया विहार ते जगतपूर असा क्रूझ चालविण्याचा करार झाला, तो वजिराबादच्या वरच्या अंगाला. सांडपाण्याचा नजफगड नाला नदीस मिळतो तो खालच्या अंगाला, हे ध्यानात घेतले म्हणजे जागेची निवड का झाली ते उमगते.

म्हणून माझी सूचना अशी, की नौकाविहाराचा ठेका देताना सर्वाधिक बोली हा एकमेव निकष न मानता, तळ्यात बारमाही पाणी येणार कोठून याचा दाखला आधी दप्तरी घ्यावा. पाण्याइतकाच प्रश्न सुरक्षेचाही आहे: जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तळ्यात सहलीची होडी उलटून 12 मुले व 2 शिक्षिका दगावल्या. तेव्हा प्रत्येक उतारूच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असणे, आणि ठरल्याहून एकही माणूस अधिक न घेणे, या अटी मोडल्यास मक्ता तत्काळ रद्द व्हावा. आणि क्रूझच्या आराखड्यात वल्ह्याच्या काही होड्यांची तजवीज सक्तीने असावी, तिकीट माफक ठेवून.