स्वप्न आणि संघर्ष: बाईच्या बाजूने हिशेब

शिबिरांतून समाजवाद शिकवताना क्रम ठरलेला असतो. आधी ओवेन, फुरिये वगैरे 'स्वप्नाळू' मंडळी. मग मार्क्स, ज्याने समाजवादाला शास्त्राचा पाया दिला. एंगल्सने १८८० मध्ये यावर पुस्तिकाच लिहिली. त्याचा आक्षेप खरा होता. स्वप्नाळूंनी शोषणाचे मूळ उत्पादनसाधनांच्या मालकीत शोधले नाही, श्रीमंतांच्या सद्बुद्धीवर भिस्त ठेवली. ओवेनने अमेरिकेत १८२५ मध्ये वसवलेली 'न्यू हार्मनी' ही वसाहत दोन-तीन वर्षांतच मोडली.

पण मैत्रिणींनो, आपला हिशेब इथेच संपतो का? याच ओवेनने न्यू लॅनार्कच्या गिरणीत १८१६ मध्ये कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा काढली. सामाईक स्वयंपाक, सामाईक बालसंगोपन यांचे आराखडे या मंडळींनी मांडले. स्त्रीमुक्तीच्या मापाने समाजाची मुक्ती मोजावी, हे आधी फुरियेने सांगितले आणि त्याचे श्रेय एंगल्सनेच त्याला दिले. मार्क्सने विचारले, गिरणी कोणाची? स्वप्नाळूंनी विचारले, चूल कोणाची? बाईला दोन्ही प्रश्न पडतात, कारण ती दोन्हीकडे राबते.

१९९० च्या दशकाअखेर एमआयडीसीने शेतजमिनी घेतल्या आणि हिंजवडीत आयटी पार्क उभे राहिले. आज तिथे झाडलोट करणाऱ्या, कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, भोवतालच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायांना बचत गटात उपदेश मिळतो, 'उद्योजिका व्हा!' पण जागा कोणाची, कंत्राट कोणाच्या नावावर, दर कोण ठरवणार, हे कोणी बोलत नाही. भांडवल आणि बाजार दुसऱ्याच्या हाती असताना गट म्हणजे स्वस्त मजुरीचा नवा पुरवठा ठरतो. उलट युनियनमध्ये मजुरीचे बोलणे होते, पण बैठक नेमकी भाकरी टाकायच्या वेळी ठेवतात!

या दोन टोकांना जोडणारी वाट पुण्यातच आहे. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी राहिली. आधी हमालीच्या दरासाठी झगडा झाला, आणि १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू झाले. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांनी आधी कामगार म्हणून ओळख मिळवली. मग २००८ मध्ये त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारी कचरा गोळा करू लागली. मुंबईत गिरणी कामगारांना डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायांना १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा'त एकत्र आणणाऱ्या प्रेमाताई पुरव याही कामगार चळवळीतल्याच होत्या. या सहकाराच्या पाठीशी संघटनेची ताकद होती, म्हणून तो तगला.

म्हणून माझे म्हणणे असे. हिंजवडीच्या कंत्राटी बायांनी कंत्राटदारागणिक न विखुरता आधी एकच संघटना बांधावी. मागणीपत्रात किमान वेतनाच्या शेजारी पाळणाघर लिहावे, शेवटच्या ओळीत नव्हे. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. पण कंत्राटी बाई कोणाच्या पटावर, या वादात अनेकदा तिचेच मूल बाहेर राहते. मग कँटीन चालवायला घ्यायचे तर आपल्या संस्थेच्या नावावर, आपण ठरवलेल्या दराने.

संघर्षाशिवाय सहकार हा मालकाच्या सोयीचा होतो. आणि चुलीचा प्रश्न वगळून केलेला संघर्ष अर्ध्याच कामगारांचा राहतो. आपण तो अर्धा का स्वीकारावा?