बॅटरी आमची, मोजमाप कंपनीचं: हे आता चालणार नाही!

रायपूरच्या ईव्हीमालकांनो, आणि ईव्ही घ्यावी की नाही या विचारात असलेल्या कुटुंबांनो,

गाडी बुक करताना आपण सगळ्यांनी एक प्रश्न हमखास विचारलेला असतो: "बॅटरी गेली तर?" शोरूममधून उत्तरही ठरलेलं येतं: "८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. काळजीच करू नका." या एका वाक्यावर विसंबून आपण घरातली साठवलेली पुंजी मोकळी करतो. पण बॅटरी ‘गेली’ हे ठरवणार कोण आणि मोजणार कशाने, हे त्या वेळी कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. मोजणारं सॉफ्टवेअर कंपनीचं. ते केव्हा बदलायचं हे कंपनी ठरवते. बदलल्यावर काय झालं याची नोंदही कंपनीकडेच राहते. अशा वॉरंटीला आम्ही वॉरंटी म्हणायला तयार नाही.

हे पत्रक ईव्हीच्या विरोधात नाही. आम्ही चौबे कॉलोनी आणि समता कॉलोनीत राहणारी माणसं रोज याच गाड्या चालवतो. मुलांना शाळेत सोडणं, तात्यापाऱ्यातला बाजार, महाराष्ट्र मंडळातले कार्यक्रम, सगळं याच गाड्यांवर चालतं. पेट्रोलकडे परत जायची आमची इच्छा नाही. गाडी चांगली आहे, म्हणूनच तिच्या सर्वांत महागड्या भागाचा हिशेब चोख हवा.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या. पेट्रोलच्या टाकीत फ्लोट असतो, बॅटरीत तसं काही नसतं. आत्ता किती चार्ज आहे, आणि नवी असताना मावत होती त्याच्या किती टक्के वीज आज मावते, हे दोन्ही आकडे बॅटरीसोबत बसवलेलं बीएमएस हे नियंत्रक यंत्र गणिताने काढतं. यातला दुसरा आकडा म्हणजे बॅटरीची तब्येत. सर्व्हिस सेंटरवाले त्याला एसओएच म्हणतात. वॉरंटीचा सगळा खेळ या आकड्यावर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल असतात. ते टिकतात चांगले, आणि आगीच्या बाबतीत तुलनेने सुरक्षितही आहेत. पण चार्जच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात त्यांचं व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टेज पाहून चार्ज ओळखणं अवघड जातं. अशा गाड्या अधूनमधून १०० टक्के चार्ज करा असं सांगतात ते याचसाठी: बॅटरी पूर्ण भरली की बीएमएसचं गणित पुन्हा जुळतं. अपडेट या गणितात हात घालतं. कधी ते अंदाज सुधारतं, आणि मग त्याचं स्वागतच आहे. कधी वरचे किंवा खालचे काही टक्के राखून ठेवतं, कधी जलद चार्जिंगचा वेग उतरवतं. यातलं नेमकं काय झालं हे गाडी चालवणाऱ्याला बाहेरून कळायला मार्ग नाही.

आमच्यातल्या एका घरची गाडी उन्हाळ्यात नेहमीच्या सर्व्हिसला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा जॉब कार्डावर वॉशिंग, ब्रेक, वायपरचं पाणी सगळं ओळीने लिहिलेलं होतं, आणि अगदी तळाशी: ‘सॉफ्टवेअर अपडेट, ओके’. कोणतं अपडेट, कशासाठी, आधी कोणतं होतं, याबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या नागपूर फेरीत फरक जाणवला. राजनांदगाव ओलांडून देवरीला पोचल्यावर पूर्वी जेवढा चार्ज शिल्लक असायचा, त्याहून बराच कमी राहिला. आणि शेवटी शेवटी आकडा एकेक टक्क्याने न उतरता एकदम गडगडला. गाडीत आई-वडील आणि मागच्या सीटवर झोपलेलं मूल असताना असं होणं म्हणजे काय, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, "एसी जास्त लावला असेल." असेलही. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि एसी वीज खातो, हे आम्हालाही कळतं. पण अपडेटच्या आधीची आणि नंतरची एसओएच लेखी मागितली, तेव्हा "तो डेटा कस्टमरला देत नाही" असं सांगण्यात आलं.

आमचं भांडण या वाक्याशी आहे. फरक उन्हाने पडला, चालवण्याने पडला, सेल थकले म्हणून पडला की अपडेटने पडला, हे सांगू शकणारी नोंद आपल्याच गाडीची असून आपल्याला मिळत नाही. वाण्याने तराजू कापडाखाली झाकावा आणि वजन तोंडी सांगावं, तसा हा व्यवहार आहे. किराण्याच्या दुकानात आपण तो एक दिवसही चालवून घेतला नसता.

हा संशय हवेतला नाही. मे २०१९ मध्ये टेस्लाने आपल्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांना दूरवरून अपडेट पाठवलं. शांघाय आणि हाँगकाँगमध्ये उभ्या गाड्या पेटल्यानंतरची ही खबरदारी होती. पण चार्जिंगच्या व्होल्टेजची वरची मर्यादाच खाली आणल्यामुळे काही जुन्या गाड्यांची बॅटरी पूर्वीइतकी भरेनाशी झाली. मालक कोर्टात गेले. २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकेतला तो दावा १५ लाख डॉलर देऊन मिटवला. १,७४३ गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी साधारण ६२५ डॉलर, एवढाच तो हिशेब. रक्कम किरकोळ आहे. तरी अपडेटने क्षमता कमी झाली तर मालक पैसे मागू शकतो, आणि बलाढ्य कंपनीलाही ते द्यावे लागतात, हे त्यातून दिसलं.

दुसरं उदाहरण भारतापर्यंत आलेलं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कोरियात ह्युंदाईने आगीच्या तक्रारींनंतर कोना गाड्या परत बोलावल्या आणि पहिला उपाय म्हणून बीएमएसचं सॉफ्टवेअर बदललं. डिसेंबरमध्ये भारतातल्या ४५६ कोना बोलावल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये अपडेट करून घेतलेली एक कोना कोरियात चार्जिंगला लावलेली असताना पेटली. मग फेब्रुवारीत कंपनीने जगभरातल्या सुमारे ८२,००० वाहनांच्या बॅटऱ्याच बदलायचा निर्णय घेतला. अपडेट स्वस्त पडतं, बॅटरी महाग पडते. कोणत्याही कंपनीचा पहिला कल स्वस्ताकडेच जाणार. म्हणून "अपडेटने प्रॉब्लेम गेला" असं सांगितलं जातं तेव्हा प्रॉब्लेम गेला की नुसता झाकला गेला, हे तपासायचा हक्क मालकाकडे हवा.

आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये पुण्यात स्कूटर पेटली, जूनमध्ये वसईत कार पेटली. सरकारने चौकशा लावल्या आणि बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केल्या. हे चांगलं झालं. पण त्यात सगळा भर आगीवर होता. बॅटरीची तब्येत मालकाला दाखवा, असं बंधन त्यात आलं नाही. युरोपात ते आलं आहे. तिथल्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ ऑगस्ट २०२४ पासून बीएमएसमधली तब्येतीची माहिती बॅटरीच्या कायदेशीर मालकाला पाहता आली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचावर मार्च २०२२ मध्ये किमान टिकाऊपणाचा मापदंडही ठरला: ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला ८० टक्के, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरला ७० टक्के. हा नियम १९९८ च्या ज्या कराराखाली झाला, त्या कराराचा भारत सदस्य आहे. मग युरोपातल्या मालकाला जे दिसतं ते रायपूरच्या मालकाला का दिसू नये? ‘देत नाही’ हे काही उत्तर नव्हे.

आता ‘लाइफटाइम’ वॉरंटीबद्दल, कारण सध्या सगळीकडे हाच शब्द ऐकू येतो. टाटांनी २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीला आणि पाठोपाठ कर्व्ह आणि ४५ किलोवॉट-तासांच्या नेक्सॉनला ही वॉरंटी दिली. तिथे ‘लाइफटाइम’ म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं, आणि तीही पहिल्या खासगी मालकापुरती. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांवरही आजीवन हमी पहिल्याच खासगी मालकाला आहे. गाडी विकली की ती १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटरवर येते. या सवलती खऱ्या आहेत आणि आम्ही त्यांना कमी लेखत नाही. पण सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा. वडिलांच्या नावावरची गाडी त्यांच्या पश्चात मुलाच्या नावावर चढली, तर तो दुसरा मालक धरणार का? आणि एसओएच किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळणार? पुस्तिकेत टक्का छापलेला असेल तर उत्तम. ‘क्षमता हळूहळू कमी होणे नैसर्गिक आहे’ एवढंच छापलेलं असेल, तर नंतर त्याच वाक्याकडे बोट दाखवलं जाईल. टेस्लाच्या वॉरंटीत तर असंही कलम आहे की सूचना येऊनही अपडेट घेतलं नाही, तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आपल्या पुस्तिकेत तसं काही आहे का, तेही पाहा. घेतलं तर क्षमता जाण्याची भीती आणि न घेतलं तर वॉरंटी जाण्याची भीती, अशा कात्रीत ग्राहकाला धरणं हा सरळ अन्याय आहे.

कायदा आपल्या बाजूने जितका आहे तितका आपण वापरतच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ८४ सांगतं की वस्तू दिलेल्या हमीप्रमाणे निघाली नाही, तर उत्पादक जबाबदार. हमी देताना निष्काळजीपणा केला नव्हता, एवढं सांगून त्याची सुटका होत नाही. गाडी ५० लाखांपर्यंतची असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते, आणि कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो वा पुण्यात, आपण राहतो तिथे, म्हणजे रायपुरात ती करता येते. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. एकाच प्रकारची तक्रार असलेले अनेक मालक आयोगाच्या परवानगीने एकत्र दावा लावू शकतात. मुदत मात्र लक्षात ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. सर्व्हिस सेंटरच्या "पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल" या आश्वासनावर वर्ष-दीड वर्ष कसं निघून जातं, ते कळतही नाही.

आणि दाबाने फरक पडतो. स्कूटरच्या चार्जरचे पैसे वेगळे लावले म्हणून ओरड झाली, सरकारने सबसिडीचा मुद्दा काढला, तेव्हा २०२३ मध्ये ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरो या चारही कंपन्यांनी ते पैसे ग्राहकांना परत द्यायचं कबूल केलं. ईव्हीवर आज जीएसटी ५ टक्के आहे. छत्तीसगडच्या २०२२ च्या धोरणात गाडीच्या किमतीच्या १० टक्के, कमाल दीड लाख रुपयांची सवलत ठेवलेली आहे. जनतेचा पैसा जिथे लागतो तिथे जनतेला हिशेब मागता येतो.

म्हणून राज्याच्या परिवहन खात्याकडे आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे आमची मागणी आहे, की ईव्हीची एसओएच गाडीच्या पडद्यावर किंवा मालकाच्या ॲपमध्ये दिसलीच पाहिजे. प्रत्येक अपडेटआधी काय बदलणार आहे ते साध्या हिंदीत, मराठीत, इंग्रजीत सांगून मालकाची संमती घेतली पाहिजे. क्षमता किंवा चार्जिंगचा वेग कमी करणारं अपडेट सुरक्षेसाठी आवश्यक असेल तर त्याची भरपाई द्यावी किंवा बॅटरी बदलावी. आणि वॉरंटीच्या पहिल्या पानावर टक्का ठळक अक्षरांत छापावा. छत्तीसगडची सवलत याच अटीवर दिली जावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. महिन्यातून एकदा १०० टक्के चार्ज झाल्यावर पडद्याचा फोटो काढा, किलोमीटरचा आकडा त्यात दिसू द्या. आपली नेहमीची एक वाट ठरवून, भिलाई असो की धमतरी, तिला किती टक्के लागले ते लिहून ठेवा. अपडेट झाल्यावर त्याच आठवड्यात तीच वाट पुन्हा करा. तक्रार तोंडी करू नका, ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पार्किंगमध्ये शेजारी ईव्ही उभी असेल तर तिच्या मालकाशी बोला. त्याचीही तीच गाडी आणि तीच तक्रार असेल, तर दोघांची मिळून एक लेखी तक्रार जाऊ द्या.

पुढच्या सर्व्हिसला जाताना हे पत्रक सोबत न्या. जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहा: ‘अपडेटपूर्वीची आणि नंतरची एसओएच लेखी हवी.’ ती ओळ ठेवायला नकार मिळाला, तर नकारही लिहून मागा. त्याशिवाय सही करू नका.

आपले,
चौबे कॉलोनी व समता कॉलोनीतील ईव्हीमालक
रायपूर, छत्तीसगड