कठीण अभ्यासाला वजन किती?

न्यूयॉर्क विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मेटलंड जोन्स यांना २०२२ मध्ये घरी बसवण्यात आले. वय ८४, आधीची कारकीर्द प्रिन्स्टनची, याच विषयावरचे गाजलेले पाठ्यपुस्तक त्यांच्या नावावर. वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी गुण फारच कमी मिळतात, अशी लेखी तक्रार केली होती. सरांना काढा, असे मात्र त्यात कुठेही म्हटले नव्हते. विद्यार्थी लाडावलेत, असा सूर तेव्हा उमटला. पण त्यांची धास्ती खोटी नव्हती. या विषयात घसरलेल्या श्रेणीने डॉक्टरकीचे स्वप्न तिथे पदवीच्या दुसऱ्याच वर्षी डळमळते.

अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश साधारणपणे चार वर्षांच्या पदवीनंतर मिळतो आणि प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी ३.७ च्या वर असतो. बहुतेक अर्ज ज्या सामाईक यंत्रणेतून जातात, तिच्या लेखी ‘ए’ म्हणजे ४. मग तो अभियांत्रिकीच्या जीवघेण्या सत्रातला असो की हसतखेळत पार पडलेल्या ऐच्छिक विषयातला. महाविद्यालय किती कडक, याचाही हिशेब तिथे होत नाही.

कडकपणात फरक तरी किती असावा? ‘ए’ गटातल्या श्रेणी ३५ टक्क्यांच्या आसपास राहाव्यात, असे धोरण प्रिन्स्टनने २००४ मध्ये आणले आणि दहा वर्षांनी गुंडाळले. हार्वर्डमध्ये सुमारे ६० टक्के श्रेणी ‘ए’ होत्या, हे त्या विद्यापीठाच्याच २०२५ च्या अहवालाने सांगितले. म्हणजे प्रामाणिकपणे गुण देणाऱ्या संस्थेचा विद्यार्थी मागे आणि सढळ हाताच्या संस्थेचा पुढे!

प्रवेश समित्या म्हणतात, आम्ही अभ्यासक्रमाचा कस पाहतो. शिवाय एमकॅट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा सर्वांना सारखीच असते. दोन्ही खरे आहे. पण ५० हजारांहून अधिक इच्छुक आणि जागा २३ हजारांच्या घरात, अशा गर्दीत अनेक ठिकाणी पहिली चाळणी आकड्यांचीच लागते. तिथेच गळालेल्याचा कस पाहणार कोण?

मग सगळा भार एकाच परीक्षेवर टाकावा का? त्याचे फळ महाराष्ट्र चाखतोच आहे. ‘नीट’पुढे बारावीला किमान गुणांच्या अटीपुरतीच किंमत उरली, आणि अनेक कनिष्ठ महाविद्यालये हजेरीपटापुरती. प्रयोगवहीची पाने प्रयोगशाळेत पाऊलही न टाकता भरतात.

उपाय अमेरिकेतच आहे. डार्टमथ कॉलेज गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या श्रेणीशेजारी त्या वर्गाची मध्यक श्रेणी आणि पटसंख्याही छापते. ‘बी’ मिळवणारा वर्गाच्या वर होता की खाली, हे एका ओळीत कळते. वैद्यकीय महाविद्यालयांनी ही माहिती प्रत्येक संस्थेकडून सक्तीने मागवली पाहिजे. ती न मागता ‘कस पाहतो’ म्हणणे ही धूळफेक आहे. रुग्णाच्या जिवाशी ज्यांना खेळायचे नाही, त्यांनी अवघड विषय टाळायला शिकवणारी पद्धत चालू ठेवू नये.

तोवर तिथे स्थायिक झालेल्या मराठी पालकांना एकच सांगणे: मुलांना अवघड शाखा जरूर घेऊ द्या, पण ती त्यांच्या ओढीने. प्रवेशाच्या वेळी त्या कष्टांची भरपाई होईल, या हिशेबाने नको.